औंढ्याच्या शेतावर व्योमलांची नोटीस

गेल्या पौषातल्या एका रविवारी मी औंढे गाव परग्रहवासीयांच्या ताब्यात दिलं. सासऱ्यांच्या शेतासकट, आणि तेही दुपारच्या जेवणाआधी.

माझा हेतू वाईट नव्हता. (हे वाक्य मी तेव्हापासून इतक्यांदा म्हटलं आहे, की आता घरात कपबशी फुटली तरी बायको माझ्याकडे बघून तेच म्हणते.) झालं असं, की आमची ऋजुता, इयत्ता अकरावी, कादंबरी लिहीत होती. परग्रहावरून व्योमल नावाचे तीन डोळ्यांचे लोक येतात, पृथ्वीवर राज्य करू लागतात आणि लोणावळ्याची एक सोळा वर्षांची मुलगी त्यांच्याविरुद्ध उभी राहते, अशी गोष्ट. व्योमलांचं यान तुंगार्लीच्या तलावावर उतरतं, म्हणजे आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. अख्खं विश्व ओलांडून ते नेमके तुंगार्लीलाच का येतील, असं मी विचारलं. ती म्हणाली, "शनिवार-रविवारी सगळं जग इथेच येतं ना बाबा? मग त्यांनी काय घोडं मारलंय?" लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला हे मान्यच करावं लागतं.

पोरीला प्रश्न फार. व्योमलांच्या तिसऱ्या डोळ्याला घाटातल्या धुक्यात दिसेल का? त्यांना भूक लागते का? लागत असेल तर चिक्की दातांना चिकटेल का, आणि मुळात दात असतील का? स्वयंपाकघरात फोडणी तडतडत असताना ती हे सगळं आईला विचारायची आणि आई माझ्याकडे पाठवायची. पण एका प्रश्नानं तिला दोन महिने छळलं. हे लोक राज्य करणार कसं? तिनं किरण सोडून पाहिले, मेंदूत यंत्रं बसवून पाहिली, एकदा तर लोहगडावर तोफ चढवली. तिलाच पटेना. एवढी सगळी माणसं निमूट ऐकतील कशी, हे तिला कळत नव्हतं.

आणि इथे मी तोंड उघडलं. मी सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं पत्रांचे मसुदे लिहितो आहे. मी तिला म्हटलं, अगं वेडे, शस्त्रं कशाला हवीत? ते नोटीस काढतील. माणूस बंदुकीसमोर छाती काढून उभा राहील, पण जावक क्रमांक दिसला की चपला बाहेर काढून आत येतो.

"आणि मग लोक काय करतील?"

"रांग लावतील. हातात झेरॉक्स घेऊन."

लोक असे नसतात, असं ती म्हणाली. असेच असतात, असं मी म्हणालो. वाद वाढला, चहा निवला, आणि मुद्दा सिद्ध करायला मी लेखणी उचलली. अर्ध्या तासात व्योमलांचा पहिला हुकूम तयार झाला. तो असा होता: 'तमाम खातेदारांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, मौजे औंढे येथील जमीन व्योमल प्रशासनाचे यान उतरविणेकामी आवश्यक असल्याने ती ताब्यात घेण्याचे योजिले आहे. हरकती असल्यास पंधरा दिवसांचे आत, तीन प्रतींत, प्रादेशिक कार्यालय, तुंगार्ली तलाव (मध्यभाग) येथे समक्ष दाखल कराव्यात. मुदतीत हरकत न आल्यास आपले काही एक म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.'

ऋजुतानं ते दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, हे माझ्या व्योमलांपेक्षा भयंकर आहे."

सव्वीस वर्षांत माझ्या मसुद्याला मिळालेली ही पहिली दाद! मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो ते चढलोच. शिक्क्याशिवाय नोटीस म्हणजे कुंकवाशिवाय पत्रिका, असं म्हणून बटाटा कापून मी गोल शिक्का कोरला. जांभळ्या शाईनं तो उठवला, जरासा तिरका, कारण सरळ उठलेला शिक्का खोटा वाटतो. खाली न वाचता येणारी सही केली. त्यासाठी मात्र वेगळे कष्ट पडले नाहीत, माझी सही तशीच आहे.

आता ऋजुताला मुखपृष्ठासाठी अशी नोटीस लागलेल्या शेताचा फोटो हवा होता. रविवारी आम्ही तिघं औंढ्याला गेलो. औंढे ही माझी सासुरवाडी. सासरे, म्हणजे आबा, भात करतात, आणि पौषात खाचरं मोकळी असतात. सकाळी कुणाचं लक्ष नसताना बापलेकींनी बांधाबांधानं बारा खुंट्या ठोकल्या. त्यांची डोकी लाल रंगवलेली होती. मधून चुन्याच्या फक्कीची सरळ रेघ ओढली, आणि आंब्याच्या खोडाला पुठ्ठ्यावर डकवलेली नोटीस लावली. फोटो असा आला की माझ्याच अंगावर काटा आला. इतक्यात सासूबाईंनी जेवायला हाक मारली. कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी आणि वर इंद्रायणीचा वाफाळता भात! असं जेवल्यावर खुंट्या काढायला शेतावर जाणारा जावई अजून मावळात जन्माला आलेला नाही. मी ओसरीवर आडवा झालो आणि ऋजुता आजीपाशी वहीत काहीतरी खरडत बसली.

मला जाग आली ती बायकोनं हलवल्यावर. ती म्हणाली, "अहो, उठा. गावात मोजणीवाले येऊन गेलेत म्हणे."

मी झोपेतच भडकलो. रविवारी मोजणी? नियमात बसत नाही! आपण सरकारी माणूस आहोत, जाब विचारलाच पाहिजे, म्हणून तसाच बनियनवर सदरा चढवत देवळापाशी गेलो. तिथे तीसचाळीस माणसं जमली होती आणि मधोमध, देवळाच्या पायरीला टेकवून, पुराव्यादाखल माझा पुठ्ठा उभा होता.

मला वाटलं, कुणीतरी हसेल. कुणीच हसलं नाही. व्योमल हे नाव कुणाला चमत्कारिक वाटलं नाही, कारण या पट्ट्यात रस्त्यासाठी, धरणासाठी, तारांसाठी आणि कारखान्यांसाठी आजवर जी जी माणसं जमीन मागायला आली, त्यांच्या कचेऱ्यांची नावं याहून अवघड होती. यान उतरवायचं म्हणजे विमानतळ येतोय, हे तर मी पोचायच्या आधीच ठरलं होतं. राहता राहिला तलावाच्या मध्यभागी असलेल्या कार्यालयाचा प्रश्न. तो शेजारच्या हौसामावशींनी सोडवला. सत्तरीच्या हौसामावशी गावात कुणाच्या बापाला भीत नाहीत.

"तळ्याच्या मधीच ठेवनार की हापिस," त्या म्हणाल्या. "आपल्याला पवता येत न्हाई, हे म्हाईत हाय त्यास्नी."

मग मला पाहून सगळ्यांना हायसं वाटलं. जावई कचेरीतला, त्यालाच वाचू दे, असं ठरलं. अशा रीतीनं मी माझीच नोटीस, चाळीस माणसांसमोर, खणखणीत आवाजात वाचली. वाचून झाल्यावर कुणीतरी मागून म्हणालं, की हे लिवणारा माणूस लय बेरकी असला पाहिजे, सुटायला फटच ठेवली न्हाई. त्या क्षणी खरं सांगून मोकळं व्हायचं सोडून मला आतून गुदगुल्या झाल्या, हे मी आज कबूल करतो.

तरी मी म्हणून पाहिलं, की ही नोटीस बहुतेक खरी नसावी, घाबरू नका. चूक झाली. मागच्या वेळी पण कचेरीतली माणसं असंच म्हणाली होती, असं चारजणांनी एका सुरात सांगितलं आणि माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघायला लागले. परग्रहवासीयांचा हस्तक म्हणून माझ्यावर पहिला संशय घेतला गेला तो असा! तो दूर करायला मी घाईघाईनं म्हणालो, आपण हरकतीचा अर्ज करू. लगेच वहीचे कागद आले, पाट आला, आणि मी मांडी घालून माझ्याच नोटिशीविरुद्ध अर्ज लिहायला बसलो.

काय सांगू, हात असा चालला! नोटिशीवर दिनांक नाही, गट क्रमांक नाही, सही करणाऱ्याचं पदनाम नाही. माझ्याच मसुद्यातल्या सहा चुका मी मुद्देसूद मांडू लागलो. ऋजुता धावत आली होती. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाबा, सांगून टाका ना." मी म्हटलं, "थांब, मुद्दा क्रमांक चार चालू आहे."

तिकडे हौसामावशींना अर्जाची वाट बघायची नव्हती. त्या पाचसहा बायकांना घेऊन शेतावर गेल्या आणि बाराच्या बारा खुंट्या उपटून घमेल्यात घालून आल्या. येताना चुन्याची रेघही त्यांनी पायानं पुसली होती. पुन्हा ठोकल्या तर पुन्हा उपटू, बंबाला जळण होतंय, असं त्यांनी जाहीर केलं. रांग कुणी लावली नाही. झेरॉक्सचं नावही निघालं नाही. ऋजुता डोळे विस्फारून कधी घमेल्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती, आणि वाद मी हरलो होतो एवढं मला कळलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण तेवढ्यात आबा आले. घरी जाऊन त्यांनी ट्रंकेतली कापडी पिशवी आणली होती. आबा मुळात कमी बोलतात. ते माझ्याशेजारी पायरीवर बसले, पिशवीतून सातबाऱ्याचा उतारा काढला आणि माझ्यापुढे उलगडून धरला. घड्यांवर तो विरला होता. त्यांच्या लहानपणी नदीकाठची जमीन धरणात गेली, तेव्हा त्यांच्या वडिलांनी न वाचता आलेल्या कागदावर अंगठा दिला होता, हे मला बायकोकडून माहीत होतं. आता घरचं म्हणून जे होतं ते हे एवढंच खाचर.

"पाव्हणं," आबा हळू आवाजात म्हणाले, "तुमी आतल्या गोटातलं. खरं सांगा. ह्यो बी तुकडा जानार का?"

मला माझी इतकी लाज वाटली, की आजही लिहिताना कान गरम होतात. बेरकी म्हटल्यावर ज्याला गुदगुल्या झाल्या तो हाच इसम. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. नोटीस मी लिहिली, शिक्का बटाट्याचा, व्योमल कुठेच नाहीत, आणि हे सगळं पोरीच्या गोष्टीसाठी. ऋजुतानं पुढे येऊन आजोबांचा हात धरला आणि ती रडायलाच लागली.

हौसामावशींनी खुंट्यांचं घमेलं खाली ठेवलं.

"म्हंजी वरनं कुनीच आलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आमी मगाधरनं भांडलो कुनाशी?"

चाळीस माणसांनी माझ्याकडे बघितलं. मग आधी कुणीतरी खोकलं, मग एक बाई पदर तोंडाला लावून हसली, आणि बघता बघता सगळं देऊळ हसायला लागलं. मी हसलो नाही, मला तो अधिकार राहिला नव्हता. आबाही हसले नाहीत. त्यांनी उतारा घडी करून पिशवीत ठेवला, माझा अर्धा अर्ज उचलला आणि मला परत दिला.

"ह्यो पुरा करा," ते म्हणाले. "तुमचं लोक खोटं आसत्याल. खरं यायला कितीसा येळ लागतो?"

मी पाटावर बसून उरलेले मुद्दे लिहिले. कचेरीच्या नावाची आणि तारखेची जागा मोकळी ठेवलेला तो अर्ज आता ट्रंकेत, सातबाऱ्याच्या शेजारी असतो.

ऋजुताची कादंबरी त्यानंतर महिन्याभरात संपली. शेवटी यान उडवलं वगैरे काही नाही. व्योमल रोज सकाळी खुंट्या ठोकतात, बायका रोज दुपारी उपटतात, आणि तीन डोळे असूनही ह्या लोकांना काय हवंय ते व्योमलांना दिसत नाही. शेवटी ते थकतात, माफी मागतात, आणि गाव त्यांना भात जेवायला घालून निरोप देतं. वाचून मला भरून आलं. मग पुढचं पान उलटलं. व्योमलांच्या नोटिसा लिहून देणारा एक टकला, चष्मेवाला कारकून आहे. त्याला माफी नाही. त्याला गाव शिक्षा देतं, एक अख्खा हंगाम चिखलात वाकून हौसामावशींच्या मागे भात लावायचा.

मी विचारलं, अगं, व्योमलांना माफी आणि ह्या गरिबाला नाही? ती म्हणाली, शेवट आबांना वाचून दाखवला होता, शिक्षा त्यांनीच सुचवली. आबांचं म्हणणं होतं, "ते परकं, त्यास्नी म्हाईत नव्हतं. ह्याला तर समदं म्हाईत हुतं."

काल आबांचा निरोप आला आहे, आषाढात लावणीला या. मी रजेचा अर्ज लिहायला बसलो आहे, आणि 'कारण' या रकान्यात काय लिहावं हे सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मला सुचत नाही.