पाकिटातल्या शेंगा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही म्हणाल, एका रोपट्याचं एवढं काय? मीही बरीच वर्षं तेच म्हणत आलो.

मार्केट यार्डामागच्या नाल्याकाठी पोत्यांतून सांडलेलं बी रुजतं. मोहरी, मुळा – शेतातून सुटलेली, आपली आपण वाढणारी झाडं. मी आणि वंदना तेव्हा एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. अशी झाडं ओळखायची, वाळवून कागदावर चिकटवायची, खाली नाव लिहायचं. ती नागपूरची, शहराच्या पार टोकाला धायरीला खोली घेऊन राहायची. दोन बस बदलून रोज नाल्यावर हजर.

तिथल्या एका झाडाला मी काळी मोहरी म्हटलं. सरांसमोर, ठासून. वंदना म्हणाली, "साधीच मोहरी आहे ती. आणि शेंगा पिकायच्या आत नाव कशाला लिहिता हो?" बरोबर होतं तिचं. फुलं दोन्हींची पिवळी, चार पाकळ्यांची. फरक कळतो शेंगांत. काळीच्या आखूड, दांड्याला चिकटून उभ्या. साधीच्या लांब, बाहेर फाकलेल्या. तिने त्या झाडाच्या कोवळ्या शेंगा पाहिल्या होत्या – लांब. मीही पाहिल्या होत्या. हो, मीही.

मग नालेसफाई झाली. झाड गेलं. शेंगांचा पुरावा कुणाकडेच उरला नाही.

त्या झाडाची फुलांची फांदी मी आधीच वाळवून कागदावर चिकटवली होती. अशा कागदावर एक छोटं पाकीट असतं, सुट्या शेंगा-बियांसाठी. माझं रिकामं होतं. कॉलेजच्या बागेत मुलांना दाखवायला काळी मोहरी लावलेली असे. तिच्या चार शेंगा मी तोडल्या आणि – सांगूनच टाकतो – त्या पाकिटात घातल्या.

सरांनी भिंगातून पाहिलं. वंदनाकडे वळून म्हणाले, "आपण नाल्यावर झाडं बघायला जाता, की हवा खायला?" सगळे हसले. मीसुद्धा. तिने नाल्यावरच्या झाडांचं प्रकरण प्रबंधातून काढलं. वर्षभरात पीएचडीच सोडली, शाळेत नोकरी धरली. मी प्राध्यापक झालो. तो कागद अजून आमच्या कपाटात आहे. नमुना कसा असावा, म्हणून दरवर्षी मी तो मुलांपुढे ठेवतो.

परवा ती कॉलेजात आली होती, मुलीच्या प्रवेशासाठी. चहा घेताना सहज म्हणाली, "एक विचारू? त्या शेंगा तुम्हाला सापडल्या कुठे? मी तर रोज जायचे."

आवाजात संशय नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, दार लोटलेलं. सर जाऊनही वर्षं झाली. आता कसली भीती होती मला?

"नाल्याच्या पलीकडे," मी म्हणालो.

"असं होय," ती म्हणाली. "तिकडे मी बघितलंच नाही." आणि कप खाली ठेवत, "चूक माझीच मग."

पंचविशीत एकदा खोटेपणा केला, तेव्हा अक्कल नव्हती – असं मनाशी म्हणत आलो होतो. आता तेही म्हणता येत नाही.