लाडक्यादादाचा डायनॅमो

चारोटी नाक्याजवळ माझं बॅटरी-वायरिंगचं दुकान आहे. अशा दुकानात पाने हरवतात, नट-बोल्ट हरवतात, गिऱ्हाइकं तर हरवतातच; किस्से मात्र एकदा आत आले की बाहेर जायचं नाव घेत नाहीत. त्यातले हसायचे फार कमी. शेजारचा शंकर मिस्त्री म्हणतो, "तुझ्याकडे बसलं की चहा कडू लागतो." मग येतो कशाला रोज? असो!

आज जुन्या गाड्यांचे सांगतो. जुन्या गाडीत बॅटरी भरायला डायनॅमो असतो, नंतरच्या काळातल्या गाडीत अल्टरनेटर. गाडी पळाली तरच डायनॅमो बॅटरी भरतो, गाडी रांगायला लागली की हा नुसता बसून. अल्टरनेटर उभ्या गाडीतही भरत राहतो. एवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळं माणसांचं आहे.

*

डहाणूला चिकूच्या वाडीवाले एक पारशी होमीशेठ आहेत. वडिलांच्या वेळची काळी मोटार त्यांनी जपलीय. मी कितीदा म्हटलं, शेठ, अल्टरनेटर बसवू. "नो! ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल! पप्पा वरून बघते."

वाडीवरच्या एका कामगाराचं लग्न आगर गावात होतं. शेठनी मोठ्या मनाने मोटार वरातीला दिली, स्वतः चालवायला बसले. पुढे बँड, बँडपुढे नाचणारे, गाडी मुंगीच्या चालीने. हेडलाइट चालू, हॉर्न चालू! आधी दिवे पिवळे पडले, मग विझले, मग इंजिननेच मान टाकली. शेवटी नवरदेव शेरवानीसकट खाली उतरून धक्का मारायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "शेठ, आता तरी?"

"डिकरा, डायनॅमोमध्ये काय फॉल्ट नाय. वरात स्लो होती!"

घ्या हसून. पुढे फारशी संधी नाही.

*

लाडक्यादादा कासाच्या वरच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. त्याची डिझेल जीप त्याच्याहून थोडीशीच लहान. सकाळी माणसं कोंबून बाजाराला आणायचा. आणि दवाखान्यात कुणी दगावलं की मयत घरी पोचवायला पुन्हा लाडक्यादादाच. बाकीचे ड्रायव्हर तोंड फिरवायचे, म्हणायचे मग गाडीत कोणी बसत नाही. हा म्हणायचा, "जिते ओकतात, भांडतात, त्यांना नेतो ना? हा तर गप झोपलाय."

त्याच्या जीपला डायनॅमो. वाटा कच्च्या, गाडी सदा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, त्यामुळे बॅटरी कायम उपाशी. एकदा एका पाड्यावर मयत उतरवलं आणि याने सवयीने इंजिन बंद केलं. झालं! जीप चालू होईना. आणि उभी कुठे? मसणाच्या अरुंद वाटेवर, बरोबर मध्ये. तिरडी पुढे जाईना. रडणारे सगळे डोळे पुसून जीप ढकलायला लागले. मेलेल्याचा मुलगाही लागला आणि चिखलात तोंडावर पडला. तेव्हा मेलेल्याचा भाऊ म्हणाला, "आधी या मेलीला ढकला रे, मग मेल्याला उचलू!"

लाडक्यादादा हे सांगताना हसला नाही. त्या पोराचं चिखलातलं तोंड डोळ्यांपुढून जात नाही म्हणाला. त्या दिवसापासून मयत घेऊन गेला की इंजिन बंद करायचंच नाही, असं त्याने ठरवलं. बायका रडताहेत, हा स्टेअरिंगवर बसून रेस देतोय. एक म्हातारी म्हणाली, "गाडीपण रडते बघा."

*

काही वर्षांनी नव्या गाडीचा एक ड्रायव्हर वेवजी गावात मयत घेऊन गेला. अंगणात गाडी लावली, चावी फिरवली. बायका अंगावरच धावल्या. "बंद कशी केलीस? आता त्याचा जीव गाडीतच राहिला! चालू कर!"

बिचारा सगळं उरकेपर्यंत डिझेल जाळत बसला. दुकानात येऊन मला विचारतो, "भाऊ, हे कुठलं शास्त्र?"

मी म्हटलं, "डायनॅमोचं!"

त्याला काही कळलं नाही. लाडक्यादादा बाकड्यावरच बसला होता. तो चहाच्या कपात बघत राहिला.

*

आता जानीवैनी. लाडक्यादादाची बायको. अंगाने काडी, बोलणं त्याहून कमी. रोज सकाळी जीपला धक्का तिचा. दादा जीपच्या दारातून एक खांदा लावायचा, ती मागून दोन्ही हात. घर सपाटीला. उतार होता, पण पलीकडे मोहाच्या झाडापाशी, आणि तिथे जीप ठेवली तर डिझेल चोरीला जातं म्हणे. मागच्या पत्र्यावर तिच्या पंजांच्या जागी रंग उडालेला. दादा चारचौघांत मिरवायचा, "हिचा हात लागल्याबिगर गाडी पाड्याबाहेर पडत नाय. लक्ष्मीचा हात हाय!"

मी म्हणायचो, "लक्ष्मी घरात बसते, दादा. मागून ढकलत नाही."

मग त्याचं ठरलेलं सुरू. "तुझ्या अल्टरनेटरला आधी बॅटरीचा घोट लागतो. बॅटरी पार मेली की तो दगड. माझा डायनॅमो मेलेल्या बॅटरीवरपण उठतो. नुसता धक्का दे!"

आणि ते खरं होतं. खोटं तो बोलत नव्हताच. फक्त धक्का कोण देतं, ते बोलत नव्हता.

*

एका पावसाळ्यात जानीवैनीचं पोट दुखायला लागलं. दादा तिला दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "काय उचलता हो तुम्ही?"

वैनी म्हणाली, "काय नाय. जीप."

बाईंना वाटलं, ही चेष्टा करते. मग सांगितलं की गर्भाशय खाली सरकलंय, आता जड काम बंद, नाहीतर जिवावर बेतेल. दादा तिथून थेट माझ्याकडे आला आणि पुन्हा डायनॅमोचे झिजलेले कार्बन बदलून मागायला लागला. कार्बन! माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "जगाची मयतं वाहतोस, एक दिवस हिलापण झाकून नेशील याच गाडीतून! तेव्हा धक्का कोण मारणार?"

जानीवैनी जीपमध्येच बसली होती, तिने ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा उठला, बॉनेट उघडलं, त्या डायनॅमोवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "लाव तुझं ते."

*

अल्टरनेटर बसवला, नवी बॅटरी टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा जीपमध्ये बसला, स्टार्टर दाबला आणि गाडी एका झटक्यात चालू! खुशीत त्याने क्लच सोडला. मागे बघायचं सुचलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी नको सांगितलेलं असूनही जानीवैनी सवयीने मागे येऊन दोन्ही हात टेकून वाकलेली. गाडी हातांखालून निघून गेली आणि वैनी अंगणात तोंडावर पडली.

पुढचा दात गेला. दादा तिला घेऊन खाली आला तेव्हा तोच लहान मुलासारखा रडत होता. वैनी तोंडावर पदर धरून एवढंच म्हणाली, "आजपासून माझी गरज नाय, एवढं तरी सांगायचं!"

शंकर मिस्त्री कशावरही जोक करतो. त्या दिवशी तो आपल्या शेडमध्ये निघून गेला.

*

लाडक्यादादा गेला तो भर दुपारी, बाजाराच्या दिवशी. छातीत कळ आली आणि दवाखान्याचं दार येईपर्यंत संपलं. त्याला घरी न्यायला गाडी कुठली शोधायची? गाडी समोर उभी होती. मीच चालवली. अंगण माणसांनी भरलेलं, म्हणून जीप मोहाच्या झाडापाशी लावली, तोंड उताराकडे. दादाला उतरवून नेलं. मी इंजिन चालू ठेवलं आणि रेस देत बसलो. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे, बंद करायची हिंमत कोणाची?

सगळं आटोपलं, माणसं पांगायला लागली. जानीवैनी जीपपाशी आली. म्हणाली, "बंद कर."

दोघी-तिघी म्हाताऱ्या ओरडल्या, "अगं, असं करत नाय!"

वैनी वळली. "ते शास्त्र माझ्याच नवऱ्यानं काढलंय. मला नका शिकवू."

मी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. मग वैनी म्हणाली, "आता जा तू जीप घेऊन. उशीर होईल."

मी स्टार्टरकडे हात नेला. आरशात पाहिलं तर वैनी मागे गेलेली. रंग उडालेल्या जागेवर दोन्ही पंजे टेकून, वाकून उभी.

मी हात मागे घेतला. पुढे उतार होता, तिला जोर लावावा लागणार नव्हता. गिअर टाकला, क्लच दाबून धरला आणि हळूच हँडब्रेक सोडला.