मुमताजआपा आणि सांडलेलं मेण

मुमताजआपांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातावर फटका मारला. मी बिलोलीहून बदलून औशाच्या शाळेत आले होते. सामान अजून पोत्यातच होतं. लाइट गेली, मेणबत्ती कलंडली आणि दुसऱ्या दिवशी नेसायच्या साडीवर मेण सांडलं. ते नखानं ओरबाडतच मी शेजारी शिवणकाम करणाऱ्या आपांच्या दारात उभी राहिले. "गरम मेणाला अन् तापलेल्या माणसाला छेडायचं न्हाई, मॅडम. थंड होऊ द्या, मंग बघू," म्हणत त्यांनी माझ्या हातातून साडी काढून घेतली.

मेण गोठल्यावर त्यांनी कात्रीच्या बोथट पाठीनं त्याचे पापुद्रे उडवले. मग कटिंगचा खाकी कागद साडीच्या खाली-वर ठेवून कोमट इस्त्री फिरवली. कागदावर तेलकट डाग उमटत गेला, तसतसा साडीवरचा पुसट झाला. पुढे हाच प्रयोग मी शहाणपणानं घरी चादरीवर केला, तोही त्या दिवशीच्या ताज्या पेपरानं. चादरीवर अख्खा मथळा उलटा छापून आला. आपा पोट धरून हसल्या. "आता वाचत झोपा!"

सत्तरी गाठली तरी आपा कोणाचं ऐकायच्या नाहीत. मुलानं पुण्याहून बॅटरीचा दिवा पाठवला, तर डोळे चुरचुरतात म्हणून तो मलाच देऊन टाकला. बटण लावायच्या ते दोऱ्याला मेण घासूनच. "आता कोण लावतं मेण?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "शर्ट फाटंल, पन माझा दोरा तुटायचा न्हाई."

मुलगा इम्तियाज वाईट नव्हता. वडील गेल्यापासून आई एकटी राहते, याची त्याला धास्ती. "एक जरी भानगड झाली, तर मशीन विकून तुला पुण्याला नेतो," असं त्यानं बजावून ठेवलं होतं. आणि नेमकं तो यायच्या आदल्या दुपारी आभाळ काळवंडलं, लाइट गेली आणि मशीनवरची मेणबत्ती आडवी झाली. मी धावत गेले, तोवर आपांनी ओल्या फडक्यानं आग विझवली होती. पण मेण टेबलावर, फरशीवर सगळीकडे सांडलेलं, आणि मशीनच्या फळीवर तळहाताएवढा काळा डाग.

आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत झटलो. फरशीवर बर्फ फिरवून फुटक्या कंगव्यानं खरवडलं. लाइट आल्यावर टेबलाला खाकी कागद आणि इस्त्री. मेणाचा मागमूस राहिला नाही. जळका डाग मात्र जाईना. निघताना मी त्यावर ब्लाउजपिसांचा गठ्ठा ठेवला आणि मला हायसं वाटलं.

सकाळी इम्तियाज आला. चहाला मीही होते. लेकाशी आपा एरवी दखनी उर्दूत बोलत. त्या दिवशी मला ऐकवायचं म्हणून मुद्दाम मराठीत बोलल्या. त्यांनी गठ्ठा उचलून बाजूला ठेवला. "हे बघ. काल मेणबत्ती पडली. मी इझवली."

त्याचा चेहरा उतरला. "अम्मी, घर जळालं असतं! बॅग भर."

"जळालं न्हाई ना? तुझ्या पुण्यात आग लागतच न्हाई का?"

"मग लपवलं कशाला?"

"ते ह्या मॅडमनं. मी मेण लपवायला न्हाई काढलं. उद्या हितं लोकाच्या पोरीचा लग्नाचा ब्लाउज शिवायचाय, त्याला डाग लागू नये म्हणून काढलं. मशीन माझी हाय, घर माझं हाय, चूक बी माझी हाय. तुझा दिवा मॅडमकडून परत घेते, तेवढं ऐकते. बॅग भरनार न्हाई."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आपांचा भयंकर रागही आला. इम्तियाज दुपारच्या गाडीनं एकटाच परतला.

त्यानंतर आपा चार वर्षं औशातच शिवत राहिल्या, भांडत राहिल्या. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या, पहाटेची नमाज आटोपून, स्वतःच्या घरात. मी खूप रडले. दफन करून आल्यावर इम्तियाज ओट्यावर बसून म्हणाला, "पुण्याला मोठे दवाखाने आहेत. तिथं असती तर आणखी जगली असती."

अशा वेळी मान डोलवून मोकळं व्हायची माझी जन्माची सवय. त्या दिवशी मान हलली नाही.

"इम्तियाजभाई," मी म्हणाले, "आपा इथं मरेपर्यंत जगल्या."