अण्णा न विचारता गेले

गुरुवारी संध्याकाळी अण्णा माझ्याकडून निघाले आणि फाटक उघडंच टाकून गेले. मी खिडकीतून पाहिलं. म्हातारा विसरायला लागला... असं स्वतःशीच म्हणून मी कप विसळायला आत वळले. शनिवारी सकाळी त्यांच्या मुलीचा, शैलाचा, फोन आला. "मॅडम, आप्पा गेलं. छातीत दुखाय लागलं म्हनून दवाखान्यात न्हेत हुतो, पर वाटंतच..." पुढचं मला ऐकू आलं नाही. डोळ्यांपुढं ते उघडं फाटक तेवढं होतं. ते का, हे सांगायचं तर तीस वर्षं मागं जायला हवं.

मल्लाप्पा अण्णा आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मूळचे कुरुंदवाडचे, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, कपाळावर रोज भस्माचे तीन पट्टे. मी पीएच.डी.साठी यीस्ट घेतलं, तेव्हा बाटली नाकाशी धरून म्हणाले, "पाव फुगवायची पूड की ही! हिच्यावर डॉक्टर हुनार तुमी?" माझा प्रश्न साधा होता. एका पेशीच्या दोन होताना कामांचा क्रम कोण सांभाळतं? अंगावर कळी धरते, आत डीएनएची नक्कल होते, मग दोन प्रती दोन बाजूंना ओढल्या जातात आणि शेवटी मधे भिंत पडते. आधीचं पुरं झाल्याशिवाय पेशी पुढच्याला हात घालत नाही. डीएनएला इजा झाली, तर थांबते, दुरुस्ती करते, मगच विभागते. माझ्याकडं मात्र एक सदोष वाण होतं, ते थांबतच नसे. अतिनील दिव्याखाली धरलं तरी आपलं विभागत जायचं आणि मरायचं. अण्णांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून निकाल दिला, "लई गडबडीची जात. धीर न्हाय म्हनून मरती." गंमत अशी की औषध घालून तिला थोडा वेळ बळंच थांबवून ठेवलं, तर त्यातल्या बऱ्याच पेशी सावरायच्या आणि जगायच्या. हा शोध काही माझा नव्हे, मोठ्यांनी आधीच लावलेला; पण आमच्या काचेच्या बशीत त्या जगलेल्या पेशींच्या वसाहती उमटल्या, तेव्हा अण्णांनी त्या दोनदा मोजल्या.

दर दहा मिनिटांनी नमुना काढायचा. अण्णा काढायचे, मी मोजायची. पुढच्या नळीला हात लावण्याआधी ते विचारत, "मॅडम, आय्ता?" म्हणजे कानडीत, झालं का? मी "आय्तु", झालं, म्हटलं की मगच पुढं. दिवसभर हेच. मी वैतागायची. एकदा इतकी कंटाळले, की मोजणी अर्धवट असताना "आय्तु" ठोकून दिलं. सगळा दिवस वाया गेला. त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर सगळी काचसामग्री धुऊन ओळीनं मांडलेली. "पुन्यांदा घेऊ की," म्हणाले, "यीस्ट काय पळून जातंय व्हय?" मला रडू फुटलं. त्याबरोबर त्यांनी, कालच पुसलेल्या खिडक्या पुन्हा पुसायला घेतल्या.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. माझे यजमान गेले, मुलगा परदेशात. घरात आवाज म्हणजे फ्रिजचा. अण्णा मात्र दर गुरुवारी यायचे, बशीत ओतून चहा प्यायचे, कॉलेजातल्या सगळ्यांना मनसोक्त शिव्या घालायचे आणि निघताना फाटकात उभं राहून ओरडायचे, "मॅडम, आय्ता?" गॅस बंद केला, मागचं दार लावलं, रक्तदाबाची गोळी घेतली, सगळं त्यात आलं. मी आतून "आय्तु" म्हटल्यावरच फाटक ओढून घेत. शेजारच्या मुली हसायच्या. आठवडाभरात माझी एवढी चौकशी करणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्या गुरुवारी त्यांनी चहा अर्धा ठेवला. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं. "उकडतंय," म्हणाले आणि उठले. विचारलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जन्मभर मी मुलांना शिकवत आले, की पेशीचं थांबायचं चुकलं तर आत काहीतरी बिघडलंय असं समजा. थांबवलं तर वाचते, हेही मीच शिकवलं. आणि समोरचा माणूस न थांबता निघाला, तेव्हा मी कप विसळत होते. "अण्णा, थांबा" एवढं म्हणायचं होतं. डॉक्टर म्हणतात, तसं काही सांगता येत नाही. असेल. मला ते पटत नाही, आणि हे बोलायचं तरी कुणाशी? ज्यांच्याशी बोलले असते, ते तर गेले.

तेव्हापासून फाटक उघडंच आहे. दूधवाला रोज कुरकुरतो, "बाई, कुत्री शिरत्यात की." परवा शैला येऊन गेली. निघताना तिनं फाटक ओढायला हात घातला.

"असू दे," मी म्हटलं. "अजून आय्तु नाही."

बापाच्या तोंडचा शब्द ऐकून ती थबकली. मग कडीवरचा हात काढून घेतला आणि फाटक तसंच ठेवून गेली.