कोर्डेलची आई

शुक्रवारी आमच्या शाळेत पोरांना दुपारी लवकर सोडतात आणि मग मास्तरांची शाळा भरते. मास्तरांचं प्रशिक्षण म्हटलं की माझं डोकं उठतं. चांगली थोराड माणसं पोरांच्या चिमुकल्या खुर्च्यांत रुतून बसतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या डकवतात, आणि कुणी काही बरं बोललं की टाळी वाजवायची नाही, चुटकी वाजवायची, असा तिथला दंडक. मला या वयात चुटकी येत नाही. मी नुसती बोटं हलवतो, आवाज शेजारचा करतो.

आमची शाळा चार्टर. म्हणजे पैसा सरकारचा, पण कारभार एका स्वतंत्र मंडळाचा. इमारत जुन्या किराणा बाजाराची आहे. मी, पेटवे मास्तर, गणित शिकवतो तिथे पूर्वी भाजी विकायचे. मंडळाला एकच घोर, मास्तर टिकत का नाहीत. मला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं, पण त्यांनी सल्लागार नेमला. दर ऑगस्टला मेम्फिसच्या उकाड्यात दूरदूरच्या गावांहून कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोरंपोरी येतात. दोन वर्षांत शिकवायला शिकतात आणि निघून जातात.

त्यांना शिकवायला शिकवतात मिस वर्लीन ओक्स. बुटकी बाई, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की पडद्यामागे बसवली तर आत चार वेगवेगळ्या बायका आहेत अशी कुणाचीही खात्री पटावी. उभा जन्म शहरातल्या शाळांत शिकवण्यात गेला. आता वर्ग नाही, फक्त नव्या मास्तरांच्या मागे उभं राहून बघायचं आणि नंतर सांगायचं, इतकंच काम. आपला वर्ग नसलेली शिक्षिका मधल्या सुट्टीत कशी दिसते ते मी पाहिलं आहे. पोरं तिच्या अंगावरून धावत जातात, कुणी थांबत नाही.

पण ऑगस्टमधला एक तास तिचा असतो, आणि त्या तासाला मीसुद्धा कुरकुर न करता बसतो. टेलिफोनचा तास. आमच्याकडे नियम आहे, वर्ष सुरू झालं की पहिल्या शुक्रवारी प्रत्येक नव्या मास्तराने काही घरी फोन करायचे, आणि तेही तक्रारीचे नाहीत, चांगली बातमी सांगायचे. त्याची ही तालीम. मिस वर्लीन जुन्या शीतगृहात, जिथे आता पुस्तकं ठेवतात, दार लावून बसतात. बाहेर एकेक नवा मास्तर सगळ्यांसमोर उभा राहून त्यांना आपल्या फोनवरून फोन लावतो. त्या होतात कोर्डेलची आई. कोर्डेल नावाचा मुलगा आमच्या शाळेत कधी नव्हता, म्हणून तर ते नाव निवडलं. मास्तर बदलले, मंडळ बदललं, कोर्डेल आपला दरवर्षी सहावीतच.

कोर्डेलची आई कधी रात्रपाळी करून झोपलेली असते, कधी भांडखोर असते, कधी बसमध्ये असते आणि तिला काही ऐकू येत नाही. पण फोन उचलल्यावर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"आता काय केलं त्याने?"

बाहेरचा मास्तर गडबडतो. नमस्कार, मी अमुक, तमुक शाळेतून बोलतोय, आपल्याला दोन मिनिटं वेळ आहे का, असं काहीतरी चाचरत बोलत राहतो. मग शीतगृहाचं दार उघडून मिस वर्लीन बाहेर येतात आणि सांगतात की एवढ्यात त्या बाईचा अर्धा जीव गेला. शाळेचा फोन म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो. तो आधी उतरवायचा. तोंड उघडताच चांगली बातमी, आपलं नाव-गाव नंतर.

हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. त्यांना एक मुलगा आहे, रेजी. त्याच्या शाळेच्या सगळ्या वर्षांत मिळून त्यांना असंख्य फोन आले आणि त्यातला एकही चांगला नव्हता. रेजी बोलला, रेजी उठला, रेजीने उलट उत्तर दिलं. फोन करणारे त्यांच्याच ओळखीचे, एकत्र सभांना बसणारे. आपल्याच धंद्यातल्या माणसावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? तो सातवीत असताना वर्गातली माशांची काचेची पेटी फुटली. रेजी म्हणाला, मी नाही फोडली. बाई म्हणाल्या, त्यानेच. मिस वर्लीननी त्याला हाताला धरून नेलं आणि सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावली. त्याने मागितली. त्यानंतर तो घरात फारसा बोललाच नाही, आणि अठरा पूर्ण होताच निघून गेला. आता ओक्लाहोमात ट्रक दुरुस्त करतो.

मला हे कसं ठाऊक? डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांचं गाडी चालवणं बंद झालं, तेव्हापासून शुक्रवारी मी त्यांना घरी सोडतो. एकदा सिग्नलला थांबलो असताना त्या एकदम म्हणाल्या, "पेटवे, रेजी मला काय म्हणाला होता माहितीय? फोन आला की तू माझी आई नसायचीस, तू त्यांच्यातली बाई असायचीस." मी काही बोलायच्या आत हिरवा दिवा लागला आणि त्यांनी मासे घ्यायचे का विचारलं.

त्यांच्या घरी मी बरेचदा गेलो आहे. फ्रिजचं दार दिसत नाही इतके फोटो. सगळे आमचे पळालेले मास्तर. कुणाचं लग्न, कुणाचं बाळ, बरेचसे नुसते कुत्रे. नाताळाला एकीचं कार्ड येतं, वर लिहिलेलं असतं की तुमच्यामुळे मी शिक्षक झाले. ही पोरगी आता घरं विकत असते. मी त्यावर काहीबाही बोलतो, त्या हसतात आणि कार्ड पुन्हा चुंबकाखाली नीट लावतात. रेजीचा फोटो तिथे नाही. त्याने पाठवलेला नाही. वाढदिवसाला त्या फोन करतात, तो उचलत नाही, मग कामात होतो असा मेसेज येतो. या बाईला आयुष्यात आता एकच हवं आहे, त्या पोराने एकदा फोन उचलावा. घरी मला कॉफी देताना त्या दोन कप मांडतात आणि मी निघालो की दारात उभ्या राहून गाडी वळेपर्यंत बघतात. मला ते आवडत नाही. म्हणजे, निघावंसं वाटत नाही.

यंदाच्या खेपेत केलिन ब्रॅन्ट नावाची मिनेसोटाची मुलगी आली. पांढरीफटक, उन्हाने नाक सोललेलं, घाबरट. टेलिफोनच्या तासाला ती रडली. कोर्डेलच्या आईने तिला नुसतं विचारलं होतं, "तुला मुलं आहेत का गं, बाळा?" मिस वर्लीननी तिला शीतगृहात नेऊन पाणी पाजलं आणि सांगितलं की वाटेल तेव्हा फोन लाव, वाटेल तितकी तालीम कर. पोरीने त्यांचा नंबर फोनमध्ये साठवला. नाव घातलं, कोर्डेलची आई. मग वर्ग सुरू झाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा शाळेत एक खराखुरा कोर्डेल आला, तोही तिच्याच वर्गात. मिस वर्लीन त्याला दुरून बघून आल्या आणि मला म्हणाल्या, "फार बारीक आहे रे. मला वाटलं होतं दांडगा असेल."

पहिल्या शुक्रवारी प्रशिक्षण संपलं आणि आम्ही नेहमीच्या मासेवाल्याच्या आवारात गाडी लावून बसलो होतो. तळलेला कॅटफिश आणि बाजूला स्पगेटी, आमचं ठरलेलं. नंबर पुकारायची वाट बघत होतो. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. नीट दिसत नाही म्हणून त्या फोन नेहमी हातभर लांब धरून मोठ्या आवाजावर ठेवतात, तेव्हा मलाही सगळं ऐकू येत होतं.

"आज कोर्डेलने मला फार आनंद दिला," केलिनचा आवाज आला. नाव नाही, गाव नाही, आधी बातमी. मिस वर्लीननी माझ्याकडे बघून डोळा मारला. पोरीला आणखी तालीम हवी आहे अशी आम्हा दोघांची समजूत झाली. त्या लगेच भूमिकेत शिरल्या.

"आता काय केलं त्याने?"

केलिन अडखळली नाही. तिने सांगितलं की कोर्डेल फळ्यावर गणित करायला आला, चुकला, पोरं हसली. एखादा जागेवर जाऊन बसला असता. याने स्वतःच सगळं पुसलं, स्वतःवर हसला आणि पुन्हा पहिल्यापासून मांडलं. पुन्हा चुकला. मग मागच्या बाकावरच्या मुलाला म्हणाला, ये, तू धर खडू, मी सांगतो. "मला वाटलं हे तुम्हाला कळायला हवं," केलिन म्हणाली. "असा मुलगा तुम्ही वाढवलात."

असलं काही तालमीत कुणाला सुचत नाही. मिस वर्लीनच्या चेहऱ्यावरचं नाटक गेलं. मी हातानेच खूण करत होतो की नंबर चुकलाय, सांगा तिला, सांगा. त्यांनी तोंड उघडलं आणि घोगऱ्या आवाजात इतकंच म्हणाल्या, "थँक्यू, बाळा. कुणी मला असं कधी सांगितलं नव्हतं." आणि फोन बंद केला.

मी म्हणालो, "मिस वर्लीन, तो फोन दुसऱ्या बाईचा होता."

"ठाऊक आहे मला."

"त्या पोराची खरी आई इथल्या निम्म्या आयांसारखी विमानतळावर पार्सलं उचलत असेल. तिला कळायला नको?"

"कळेल. लावते. थोडा वेळ राहू दे ना माझ्याकडे, पेटवे."

त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला होता. मग एक मोठा श्वास घेऊन त्यांनी केलिनला फोन लावला, दोन कोर्डेलच्या आयांत नंबर चुकल्याचं सांगितलं आणि वर म्हणाल्या की अगदी असंच बोल, एक शब्द बदलू नकोस. पलीकडे पोरीने कपाळाला हात लावला असणार. ती दहा वेळा माफी मागत होती. त्या म्हणाल्या, "अगं, माफी कसली मागतेस? आधी तिला फोन लाव."

मला वाटलं झालं. पण त्यांनी फोन खाली ठेवला नाही. हात आणखी लांब करून त्यात काहीतरी शोधलं आणि बटण दाबलं. वाढदिवस नव्हता, नाताळ नव्हता. घंटी वाजत राहिली. मी दुसरीकडे बघायला लागलो, कारण उचलणार नाही हे मला माहीत होतं आणि त्यानंतरचा त्यांचा चेहरा मला बघायचा नव्हता.

पलीकडे उचललं. मागे ठोकाठोकीचा आवाज होता. मिस वर्लीन, ज्यांनी दरवर्षी पोरांना शिकवलं की तोंड उघडताच चांगली बातमी, त्या नुसत्या म्हणाल्या, "रेजी? मी बोलतेय."

एक पोक्त, दमलेला पुरुषी आवाज आला.

"आता काय केलं मी?"

मिस वर्लीननी डोळे मिटले. ही बाई रडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"काही नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "काही नाही केलंस तू. ती पेटीही तू फोडली नव्हतीस."

कुणी फोडली ते त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही ठाऊक नव्हतं. त्याने फोन ठेवला नाही. तिकडे कुणीतरी लोखंडावर लोखंड मारत होतं आणि मिस वर्लीन फोन कानाशी धरून तेच ऐकत बसल्या. खिडकीतून आमचा नंबर दोनदा पुकारला. मी गाडीतून उतरलो नाही.