वकीलबाईंची साखळीतली इमारत

डिचोलीच्या बाजारात विठू शेट्यांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक साडीचा पदर निरखत असलं तरी विठू मध्येच सांगायचे, "आमचं चेडू वकील." मुलीचं वय पस्तिशीकडे झुकलं, लग्न झालं नाही, याचा विषय त्या एका वाक्याखाली दाबून टाकायची त्यांची हातोटी होती.

सुमंगलाची वकिली मुख्यतः खरेदीखतांची. गोव्यात पोर्तुगीज अमलापासूनचा कायदा असा की, लग्न झालं की मिळकत दोघांची. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला वीतभर जमीन विकता येत नाही. कायदा झकास, पण चालायचं वेगळंच. बायकोला ठेवणीतली साडी नेसवून आणायचं, कागदावर बोट ठेवून जागा दाखवायची, सही झाली की परतीच्या बसमध्ये चढवायचं. सुमंगलाच्या ऑफिसात हे चालत नसे. ती नवऱ्याला समोरच्या हॉटेलात चहाला पिटाळायची आणि दार लोटून बाईला सगळं खत तिच्याच बोलीत समजावून द्यायची. राजभाषा कोकणी की मराठी यावरून तेव्हा गाड्या बंद, बाजार बंद. खरेदीखतं मात्र इंग्रजीत, त्यावरून कोणी टायर जाळला नाही, असं ती हसत म्हणायची.

बहुतेक बायका ऐकून घ्यायच्या आणि सही करायच्या. त्यामुळे कोणाला त्रास नव्हता.

गोवा घटक राज्य झालं आणि जागांचे भाव चढले. पणजीचा एक बिल्डर आपले सगळे कागद सुमंगलाकडे पाठवायचा. तिचं ऑफिस त्याच्यावरच चालायचं. त्याला साखळी गावात रस्त्याला लागून असलेली भिकाजी गावसाची जागा हवी होती. भिकाजी खाणीवर दुसऱ्याचा ट्रक हाकायचा, जागा विकून त्याला स्वतःचा घ्यायचा होता. खताच्या दिवशी चहा पिऊन तो परत आला, तर बायको यशोदा हात मांडीखाली घेऊन बसलेली.

"मी सही करूचंय नाय," पेडण्याकडची ती बाई शांतपणे म्हणाली. "ट्रक तुमचो होतलो. माका घर होया."

भिकाजीने आवाज चढवला. बिल्डरचा माणूस सुमंगलाला म्हणाला, बाईचे कान तुम्हीच फुंकले. तिने सांगितलं, मी फक्त वाचून दाखवलं. आठवड्याभरात बिल्डरने सगळी कामं काढून घेतली, त्याचं बघून इतरांनीही. कोर्टातल्या भल्या माणसांनी सुचवलं, जाऊन माफी माग आणि ते चहाचं थेर सोड.

सुमंगला पणजीला गेली नाही. साखळीला गेली आणि गावसांच्या घरापुढच्या खळ्यात बसून बोलली: जागा विकू नका, तिच्यावर बांधू. खालची दोन घरं तुम्हा दोघांच्या नावावर, वरची विकू, त्यातून बांधकाम निघेल. एका घराच्या भाड्यावर ट्रकाचा हप्ता निघेल हे ऐकून भिकाजी जरा निवळला.

"पण बांधतलो कोण?" त्याने विचारलं.

"मी."

"बायल माणूस?"

"दुसऱ्यांच्या बिल्डिंगांचे कागद करून माझी बोटं झिजली, भिकाजी. आता एक माझी करते."

चिरे चढू लागले, तसे टोमणेही. वकीलबाईंच्या खतावर नवऱ्याची सही कोण करणार, असं कोणी विचारलं की ती सांगायची, कोणी नाही, म्हणून तर काम झटपट होतं. पहिला मजला उभा राहिला. वरची घरं शाळामास्तर आणि खाणीतल्या कारकुनांनी घेतली, बायकांना घेऊन येऊन.

तेवढ्यात बार कौन्सिलकडे तक्रार गेली: वकिलाला धंदा करता येत नाही. एक तर सनद, नाही तर इमारत. तक्रार कोणाची हे डिचोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. वकील मंडळींतल्या एका ज्येष्ठाने घरी येऊन वाट काढून दिली. त्याचा तिच्यावर लेकीसारखा जीव होता. काम तुझ्या भावाच्या नावावर दाखव, तो म्हणाला. सगळेच करतात. सनदही राहील, इमारतही.

विठू शेट्ये आशेने मुलीकडे बघत राहिले. तिला वकील करण्यासाठी ते भाऊबंदांशी भांडले होते.

"काका, मी इतकी वर्षं बायकांना सांगत आले की कागदावर तुमचं नाव आहे, तर गप्प बसू नका," ती म्हणाली. "आता माझंच नाव पुसायला सांगता?"

दुसऱ्या दिवशी तिने सनद स्थगित करण्याचा अर्ज दिला, ऑफिसवरची पाटी स्वतः उतरवली आणि वरच्या स्लॅबसाठी साखळीची बस पकडली. संध्याकाळी सिमेंटने राखाडी झालेली चप्पल घेऊन ती दुकानाच्या पायरीवर बसली. विठू कापडाची घडी घालत होते. बराच वेळ एकच घडी.

"आता गिऱ्हाईकाला काय सांगू गो?" त्यांनी विचारलं.

"बिल्डर म्हणून सांगा. आणि जरा मोठ्याने, बाबा. पलीकडच्या दुकानापर्यंत जाऊ दे."