खिंडीत उतरलेला निसीम

पेण-रोह्याकडचा कुणी पोरगा बोटीवर नोकरीला लागला, की निघण्याआधी तो अष्टमीला निसीमकडे जाऊन यायचा. निसीम सुट्टीवर असला तर. निसीम अष्टमकर टुरिस्टांच्या बोटींवर लाँड्रीत होता. दिवसभर चादरी आणि टॉवेल धुवायचा. क्रूझ म्हणतात त्या बोटीला, असं तो सांगायचा, पण समुद्राबद्दल याहून जास्त बोलायचा नाही.

"पाण्यावरचं तुला कॅप्टन सांगेल," तो म्हणायचा. "माझ्याकडून रस्त्याचं ऐक."

मग पडवीत बसून तो रस्त्याचं सांगायचा. बोट सकाळची असली तर आदल्या दिवशीच मुंबईत मुक्काम टाकायचा. वडखळच्या नाक्यावर एखादा ट्रक आडवा झाला की संपलं, बोट काय यष्टी नाही थांबायला. पासपोर्ट आणि बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक बॅगेत ठेवायचं नाही, बनियनच्या आत ठेवायचं. बॅगेच्या मुठीला आईच्या लुगड्याची चिंधी बांधायची, कारण सगळ्यांच्या बॅगा काळ्याच असतात. परतताना बंदराच्या दारातली टॅक्सी घ्यायची नाही, रस्ता ओलांडून पुढे चालत यायचं. रेवसच्या लाँचवर भरवसा ठेवायचा नाही, भाऊच्या धक्क्यावर आधी विचारायचं. बोटीतून उतरल्यावर दोन दिवस जमीन हलते, म्हणून यष्टीत मागच्या बाकावर बसायचं नाही.

आणि शेवटी, "उतरलास की लगेच घराकडे पळू नको. एक दिवस मुंबईत काढ."

हे शेवटचं पोरांना पटायचं नाही. "इतके महिने काढल्यावर अजून एक दिवस कशाला?"

"पाय टेकू दे जमिनीला," निसीम म्हणायचा आणि विषय बदलायचा.

खरं कारण घरात बसलेलं असायचं. त्याचे वडील, एझ्राशेट. तेलाचा घाणा कधीच बंद पडला होता. आता बाजारात तेलाचं छोटं दुकान होतं. ते शनिवारी उघडत नसे. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी मावळेपर्यंत एझ्राशेट चुलीला, पैशाला आणि गाडीला शिवत नसत. त्यांच्या यहुदी समाजाची बहुतेक घरं इस्रायलला गेली होती. जी दोन-चार उरली, त्यांच्यात आता इतकं कडक कुणी पाळत नव्हतं. एझ्राशेट पाळत.

निसीम पहिल्यांदा बोटीवर निघाला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं होतं. "तिथं शनवारी काम करावं लागणार. ते तू आणि देव बघा. पण शनवारचा गाडीत बसून माझ्या दारात यायचं नाय."

निसीमच्या बोटीच्या फेऱ्या मुंबईत शनिवारी सकाळी संपत. म्हणून तो दरवेळी मुंबईत एक दिवस काढायचा. रविवारच्या पहिल्या गाडीने घरी यायचा. वडील दारात उभे असायचे. "कवा निघालास?" एवढंच विचारायचे. उत्तर ऐकून मान हलवायचे.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात बोट कोलंबोला असताना त्याच्या नावाने तार आली. वडील आजारी, लवकर ये. मुंबईला पोचायला अजून काही दिवस होते. मधे दुसरं बंदर नव्हतं. लाँड्रीतल्या गरम हवेत तो चादरींच्या घड्या करत राहिला.

शनिवारी सकाळी तो बंदराच्या दारातून बाहेर पडला. रस्ता ओलांडला. पुढे जाऊन टॅक्सीला हात केला. टॅक्सीवाल्याने विचारलं, कुठं? दरवेळी तो मशीद बंदराजवळच्या एका लॉजचं नाव सांगायचा. या वेळी तोंडून निघालं, "मुंबई सेंट्रल. यष्टी डेपो."

पेणपर्यंतची गाडी लगेच मिळाली. पनवेल गेलं तेव्हा त्याला वाटलं, उतरावं. रामवाडी आली तेव्हाही वाटलं. जमीन हलत होती. तो बसून राहिला.

पेणला रोह्याच्या गाडीला अवकाश होता. स्टँडपासून जवळच त्याची हन्नाआत्या राहायची, वडिलांची धाकटी बहीण. तो दारात दिसला तशी ती उठून उभी राहिली.

"अरे! शनवारचा?"

"आत्या, बाबा कसे आहेत?"

"आधी सांग, मुंबैहून काय पोहत आलास?"

आत्याने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "गुरवारी जाऊन आले मी. बोलत होता. धाप लागते, पण बोलत होता. तुझंच चाललेलं. ये, बस."

शनिवार म्हणून चूल पेटलेली नव्हती. तिने आदल्या दिवशीच्या चपातीवर गूळ ठेवून दिला. त्याने दोन घास खाल्ले.

"आत्या, ते विचारतील."

"विचारणारच. माझा भाऊ हाय तो. मरायला टेकला तरी विचारेल." मग तिला आपलंच बोलणं लागलं. तिने पदराने तोंड पुसलं. "हे बघ. नागोठण्याच्या पुढं भिशाच्या खिंडीत उतर. तिथनं पायवाट हाय खाली. चालत गावात शीर. विचारलंन तर सांग, चालत आलो. खोटं नाय ते."

"सगळं खरंही नाही."

"मग सगळं कुणाला हवंय? जा गप."

ती स्टँडपर्यंत आली. त्याला रोह्याच्या गाडीत बसवून, गाडी हलेपर्यंत उभी राहिली.

नागोठण्याला यष्टी थांबली. खिडकीतून त्याला हिरवी जीप दिसली. गुणाजीची. गुणाजी त्यांचा शेजारी. लागूनच घरं, मधे फक्त कुंपण. नागोठणे ते रोहा तो सीटा भरायचा आणि यष्टी आली की त्यातलेही पॅसेंजर पळवायचा. आज तो ओरडत नव्हता. यष्टीच्या कडेकडेने एकेका खिडकीत डोकावत येत होता.

निसीमच्या मनात एकच आलं. याने बघितलं, तर हा संध्याकाळच्या आत बाबांच्या खाटेशी सांगेल, तुमचा पोरगा यष्टीत होता.

तो वाकला. बुटाची नाडी बांधू लागला. बांधलेलीच होती. ती सोडून पुन्हा बांधली. गुणाजी खिडकीशी आला, थांबला, पुढे गेला. कंडक्टरने घंटी दिली.

खिंडीत तो उतरला. बॅग खांद्यावर घेतली. पायवाट करवंदीच्या जाळ्यांतून खाली जात होती. बॅग जड होती. त्यात वडिलांसाठी घेतलेला गरम कोट होता. तो दोनदा बसला. एका ओढ्यावर तोंड धुतलं. अष्टमीत शिरला तेव्हा ऊन कललं होतं.

दारात माणसं होती. सगळी ओळखीची.

आई उंबऱ्यावर बसली होती. साराबाई. तिने त्याच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. "गाडी कुठाय?"

"कुठली गाडी?"

"गुणाजीची. तुला आणायला पाठवलेली. त्यांनीच पाठवली."

"बाबांनी?"

"सकाळपासनं एकच. आज शनवार, तो मुंबैतच बसून राहील. मग म्हणाले, नाय, तार मिळालीय, येईल. गुणाजीला नागोठण्याला उभा कर, जीपनं लवकर येईल." ती थांबली. "आत्ता गेले. मघाशीच. डोळे दाराकडंच होते."

निसीमने बॅग खाली ठेवली नाही. ती खांद्यावर तशीच ठेवून तो आत गेला.

गुणाजी जरा वेळाने रिकामी जीप घेऊन आला. अंगणातच कपाळावर हात मारून बसला. "तीन यष्ट्या बघितल्या. खिडकी न खिडकी बघितली. यात नव्हताच हा." निसीमकडे बोट करून तो सगळ्यांना सांगत होता. "नावानं हाक मारायची सोय नव्हती. एझ्राशेटनी बजावलेलं, ओरडू नको. शनवारचा पोरगा गाडीत हाय, हे साऱ्या स्टँडाला कशाला?"

निसीम पडवीच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने ऐकलं.

शनिवारी माती देत नाहीत. रविवारी सकाळी दिली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पेणहून आणि अलिबागेकडून माणसं आली तेव्हा कुठे दहा झाले. हन्नाआत्याही आली. परतल्यावर सगळे जमिनीवर बसले. गुणाजी पुन्हा तेच बोलू लागला. आपलीच नजर चुकली, आपल्यामुळे पोराची भेट हुकली. त्याची बायको सरू त्याला गप्प करत होती.

"गुणाजी, कुठल्या गाड्या रे बघितल्यास?" आत्या म्हणाली. "दुपारचीपण? त्याच गाडीत तर मी त्याला बसवला. माझ्या या डोळ्यांदेखत."

सगळ्यांनी निसीमकडे पाहिलं.

"मग मी दिसलो नाय तुला?" गुणाजीने विचारलं.

निसीमला नाही म्हणता आलं असतं. गर्दी होती, डोळा लागला होता, काहीही. आई त्याच्याकडेच बघत होती.

"दिसलात, गुणाजीदादा. मी खाली वाकलो."

"का?"

"बाबांना सांगाल म्हणून."

आत्याने तोंडावर पदर घेतला. खिंडीचं तिनेच सुचवलं होतं. गुणाजी उठला आणि कुंपणापलीकडे निघून गेला. सरूही गेली.

सुतकाचे सात दिवस घरात चूल पेटवायची नसते. शेजारी अन्न आणतात. त्या रात्री कुंपणापलीकडून काही आलं नाही. आत्याने पेणहून आणलेलं सगळ्यांनी वाटून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुणाजी स्वतः पातेलं घेऊन आला. भात आणि वालाची आमटी. त्याने पातेलं ठेवलं, पण गेला नाही. निसीमसमोर जमिनीवर बसला.

"सांगणार नव्हतो," तो म्हणाला. "बापाचा निरोप होता तुला. जीपमध्ये बसल्यावर सांगायचा होता. काल वाटलं, आता काय उपयोग. रातभर झोप नाय लागली."

"सांगा."

"म्हणाले, पोरगा दारापर्यंत गाडीत बसायला का-कू करेल. त्याला म्हणावं, मी सांगितलंय, बस. शनवार मोडल्याचं पाप माझ्याकडं लागलं, त्याच्याकडं नाय. देवाशी मी बोलून घेईन."

आतून आईने भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. गुणाजीने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि ताटात भात वाढला. निसीम त्या भाताकडे बघत राहिला.

"खा," गुणाजी म्हणाला. "निवतंय."